जुनी शिकारी रायफल घेताना आधी नळी बघा, गोष्ट नंतर ऐका

ग्वाल्हेरात जुनी रायफल विकायला निघाली की रायफलीच्या आधी तिची गोष्ट पुढे येते. ही माधवराव शिंदे महाराजांच्या शिकारीला जायची, ही अमक्या सरदारांना दरबारात मिळाली, हिच्यावर शिवपुरीच्या जंगलातले इतके वाघ आहेत, वगैरे. चहा येतो, मग दुलईत गुंडाळलेली रायफल बाहेर येते, नळी चकचकीत, कोरीव काम झकास, आणि घेणारा तिथेच निम्मा विरघळतो. गोष्ट खरी असेलही, आपल्या इथे बऱ्याचदा असतेही, पण त्या गोष्टीने नळीतला गंज भरून निघत नाही. म्हणून बसून एकदा सगळं लिहून काढतोय, कारण दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी ओळखीचं फोन करून विचारतंच की अरे अमुक वाड्यात एक जुनी रायफल आहे, घेऊ का.

शिकारीचं आधीच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे. शिवपुरीच्या ज्या जंगलात शिंद्यांच्या शिकारी व्हायच्या तिथे २०२३ मध्ये वाघ परत आणून सोडले आणि २०२५ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं, मला त्याचा मनापासून आनंद आहे. या रायफली मला आवडतात त्या कारागिरीसाठी. शंभर वर्षांपूर्वी कानस आणि काजळी घेऊन बसलेल्या माणसाने दोन पोलादी भाग असे बसवलेत की मध्ये सिगारेटचा कागद जात नाही, हे हातात धरून बघण्यासारखं काम आहे. घेणारे घेतात ते संग्रहासाठी, रेंजवर चार गोळ्या झाडण्यासाठी, किंवा आजोबांची आठवण म्हणून.

आता पहिला प्रश्न नळीचाही नाही, बोअरचा आहे, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा, आणि ४५०, ३१५ असे आकडे आले की ते इंचाचे हजारावे भाग समजा. आपल्याकडे हे प्रकरण जरा वेगळं आहे आणि त्याला इतिहास आहे. इंग्रजांना भीती होती की सैन्याच्या काडतुसात बसणारी बंदूक लोकांच्या हातात नको, वायव्य सरहद्दीवर मार्टिनी-हेन्री रायफली फिरत होत्या त्यांचं काडतूस ४५० चं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ४५० बोअर हिंदुस्थानात बंदच केला. मग इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांची धांदल उडाली, कारण वाघ-हत्तीच्या शिकारीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपल्याकडचे राजे आणि साहेब लोक, आणि त्यातून ४७०, ४६५ अशी नवीनच मापं चालू झाली. हॉलंड अँड हॉलंड कंपनीची ४६५ आली १९०७ मध्ये. ३०३ चंही तसंच, ते फौजेचं काडतूस म्हणून आजही प्रतिबंधित बोअरमध्ये आहे, आणि त्याच्याऐवजी लोकांसाठी ३१५ आलं, जे मुळात ऑस्ट्रियाचं आठ एमएमचं मॅनलिकर काडतूस आहे. बीएसए या इंग्लिश कंपनीने ली ॲक्शनवर, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या बोल्टच्या यंत्रणेवर, ३१५ च्या रायफली हिंदुस्थानसाठी बनवल्या, नंतर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने त्याच धर्तीवर बनवल्या, आणि भिंड, मुरैना, ग्वाल्हेर पट्ट्यात लायसन्सची रायफल म्हटली की बहुतेक वेळा तीच निघते.

तर वाड्यातली रायफल ३०३ निघाली तर हात जोडून परत द्या. प्रतिबंधित बोअरचं लायसन्स सामान्य माणसाला जवळपास मिळतच नाही. आणि जरा ध्यान असू द्या, काही जुन्या रायफलींची नळी कधीतरी बदलून दुसऱ्या बोअरची घातलेली असते, तेव्हा कागदावर एक, नळीवर दुसरं आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, तिसरंच असाही प्रकार असतो. तिन्ही जुळलं पाहिजे. जर्मन रायफल असेल आणि विकणारा नुसतं आठ एमएम म्हणत असेल तर अजून खोलात जा, कारण जुन्या आठ एमएम माऊझरची गोळी ०.३१८ इंचाची आणि १९०५ नंतरची ०.३२३ ची, आणि जाड गोळी जुन्या बारीक नळीत घातली तर दाब कुठल्या कुठे जातो. नळीखालचे छाप वाचता येत नसतील तर चेंबरचा साचा घेऊन मोजणारा माणूस शोधा, अंदाजाने काडतूस घालून बघू नका.

दुसरा प्रश्न काडतुसाचा. ३१५ आणि ३०-०६ ची सरकारी कारखान्याची काडतुसं मिळतात. ३७५ मॅग्नम परदेशी, महाग, आणि मिळाली तर नशीब. ४७०, ४६५, ४२३ माऊझर, ३१८ वेस्टली, यांची काडतुसं आपल्याकडे म्हणजे कोणाच्या तरी कपाटात काइनॉक या इंग्लिश कंपनीच्या लाल-पिवळ्या डब्यात पडलेली चार-सहा, आणि काइनॉकने मोठ्या बोअरची काडतुसं बनवणं साठ-सत्तरच्या सुमारास बंद केलं, म्हणजे ती किती जुनी आहेत ते बघा. तेव्हा झाडायची असेल तर ३१५ किंवा ३०-०६ घ्या, बाकी सगळं भिंतीवर किंवा कपाटात ठेवायचं आहे असं समजूनच पैसे मोजा.

आता नळी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

आपल्या इथल्या रायफलींना एक ठरलेला रोग असतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत जो मसाला असायचा तो जळला की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरायचं, हे एक प्रकारचं मीठच, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. तेलाने ते जात नाही, उकळतं पाणी ओतून धुवावं लागतं. साहेबाकडे आणि राजवाड्यात त्यासाठी माणूस असायचा, तो संध्याकाळी शिकारीवरून आल्याबरोबर नळी धुवायचा. नंतर वाडे रिकामे झाले, नोकर गेले, काडतुसं तीच राहिली, लोक लग्नात दोन फैरी झाडून नुसता तेलाचा फडका मारून ठेवायला लागले. वरून पावसाळा. त्यात भर म्हणून निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, मालखान्यात ती कशी ठेवली जाते ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, आणि मालक वारले की वारसाचं लायसन्स होईपर्यंत पुन्हा कुठल्यातरी गन हाऊसमध्ये वर्षानुवर्षं पडून. त्यामुळे गोळ्या फारशा न झाडलेली रायफलसुद्धा आतून खाल्लेली निघू शकते. उलट भरपूर वापरलेली पण नीट धुतलेली रायफल आतून आरशासारखी स्वच्छ असते, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

कॉर्डाइटची, म्हणजे जुन्या इंग्रजी बिनधुराच्या दारूची, गोष्ट वेगळी. जुन्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं, फार गरम जळायचं, चेंबरच्या लगेच पुढचा भाग खाऊन टाकायचं, म्हणून नंतर ते प्रमाण ३० टक्क्यांवर आणलं. हा झिजलेला भाग गंजासारखा दिसत नाही, तिथे रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या फिरत्या खाचांच्या, कडा मऊ पडल्यासारख्या दिसतात, खाच आणि उंचवटा यांच्यातली रेघ पुसट होत जाते.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, जिवाजीगंजात राहतात, त्यांच्या वडिलांची ३७५ मॅगझिन रायफल, इंग्लिश कंपनीची. ३७५ हॉलंडचं काडतूस १९१२ चं, ही रायफल त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतली असावी. त्यांनी बोलावलं तेव्हा नळीत घट्ट पिवळं ग्रीस भरलेलं. मी म्हटलं, काका, आधी बोल्ट काढतो आणि चेंबर रिकामं आहे का बघतो, मग हे ग्रीस काढू का? काका म्हणाले, काढ ना बाळा, तुझ्याशिवाय कोण बघणार आहे. कोणीही ग्रीस भरलेली नळी दाखवली तर ती पुसल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, हे लक्षात ठेवा, ग्रीसखाली सगळी नळी सारखीच चमकते. रॉडला पांढरा सुती फडका लावून मागून पुढे ढकलला, पहिला काळा आला, दुसरा तपकिरी, मग तांबूस, म्हणजे आत गंज आहे हे तिथेच कळलं. ब्रशने घासून, पुन्हा फडके, शेवटचा जवळपास पांढरा येईपर्यंत काकूंचा दुसरा चहा झाला होता.

मग छोटा टॉर्च मागून चेंबरजवळ धरून पुढच्या टोकाने बघितलं आणि नंतर उलट. मधला सगळा भाग छान, रायफलिंग धारदार, उजेड गोल गोल फिरत जातो तसा दिसत होता. चेंबरच्या पुढे साधारण दोन बोटं जागेत मात्र बारीक काळे ठिपके, पट्टा असा. गंज वर बसलेला असेल तर घासून जातो, ठिपके खाल्लेले असतील तर राहतात आणि टॉर्च हलवला की त्यांची सावली हलते. ही सावलीच बघायची, कारण ठिपक्याची खोली तीच सांगते. पुढच्या तोंडाशी एका बाजूची रायफलिंग जास्त झिजलेली होती, म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं पुढूनच रॉड घालून साफ केली आणि रॉड एकाच बाजूला घासत राहिला. तोंडाची कड, जिथून गोळी शेवटचा संबंध सोडते, ती एकसारखी गोल नसेल तर बाकी नळी कितीही चांगली असो, रायफल नेमकी मारणार नाही.

तिसरी गोष्ट फुगवटा. नळीत चिखल, फडका, अडकलेली गोळी असताना कोणी झाडली असेल तर त्या जागी नळी आतून थोडी फुगते, आतून एक काळं कडं दिसतं, पूर्ण गोल. बाहेरून नळी दोन बोटांत धरून सावकाश मागून पुढे सरकवत न्यायची, डोळे मिटले तरी चालतील, बोटांना लागतं ते. काकांच्या रायफलीत ते नव्हतं. नळी सरळ आहे का ते बघायला खिडकीच्या आडव्या गजाकडे तोंड करून आतल्या भिंतीवर पडलेली त्या गजाची सावली बघतात, ती शेवटपर्यंत सरळ जायला हवी, मध्ये मोडली तर नळी वाकलीय. काकांना मी हेच सगळं सांगितलं, की नळी दुसऱ्या दर्जाची आहे, टाकाऊ नाही, पण शंभर यार्डांवर चांगली मारेल की नाही ते झाडल्याशिवाय कोणी सांगू नये. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट म्हणाले की बरं झालं, नाहीतर कोणीतरी येऊन हीच नवीकोरी म्हणून भाव लावायला लागला असता.

आता बाहेरून. मी चकचकीत रायफलीला जास्त घाबरतो. आपल्याकडे मिस्त्री लोकांचा हात बफिंग मशीनवर फार लवकर जातो, त्यांना वाटतं मालकाला खूश करतोय, आणि मालकाला खरंच बरं वाटतं. पण बफ लावला की पोलादाच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, स्क्रूच्या भोकाभोवती खोलगट वाटी तयार होते, कोरीव पानाफुलांच्या बारीक रेघा पुसल्या जातात आणि कंपनीचं नाव अर्धवट दिसायला लागतं. त्यानंतर वर नवीन काळं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, केलं की लांबून झकास दिसते. जुनं मूळ ब्ल्यूइंग तसं नसतं, ते जिथे हात लागतो तिथे करडं, चंदेरी पडतं, खाचेत खोल निळं राहतं. ॲक्शनवर केस हार्डनिंगचे, म्हणजे पोलाद वरून कडक करताना येणारे, रंग असतात, निळे-तपकिरी ढगांसारखे, ते उडालेले असले तरी चालतात, पण खोटे रंगवलेले असतील तर सोडा. स्क्रूची खाच बघा. इंग्लिश कारागिराने स्क्रूची खाच नळीच्या रेषेत ठेवलेली असते, सगळ्या एका दिशेत. ती खाच चेमटलेली, कडा फुटलेली असेल तर कोणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातलाय, आणि आत काय केलंय ते आता तुम्हाला शोधायचंय.

मग छाप. नळी उतरवून खालचा सपाट भाग बघा. इंग्लंडमध्ये बंदूक विकायच्या आधी जास्त दाबाने झाडून तपासायचा कायदा आहे, लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने झालं. बर्मिंगहॅमच्या जुन्या छापात मुकुटाखाली आडव्या-तिडव्या दोन राजदंडांची खूण असते, १९०४ पासून मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि बिनधुराच्या दारूसाठी एनपी. एक्सप्रेस रायफलवर, म्हणजे मोठ्या शिकारीच्या जास्त दारूच्या रायफलवर, कॉर्डाइट किती ग्रेन (वजनाचं बारीक माप) आणि गोळी जास्तीत जास्त किती वजनाची हे कोरलेलं असतं, हा आकडा तुमच्या हातातल्या काडतुसाशी जुळलाच पाहिजे. एनपी नसलेली जुनी काळ्या दारूची रायफल आजच्या काडतुसाने झाडायची नाही, इथे चर्चा नाही. जर्मन रायफलवर मुकुटाखाली बी, यू, जी अशी अक्षरं असतात आणि बिनधुराच्या दारूसाठी एन. माऊझरमध्ये बोल्टवरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावरचा, नंबर एकच आहे का बघा. ठाण्यात दहा रायफली एकत्र जमा असतात आणि साफ करताना बोल्ट बदलले जातात, हे मी ऐकीव सांगत नाहीये, बघून सांगतोय. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट म्हणजे हेडस्पेसची गॅरंटी संपली.

हेडस्पेस म्हणजे काय तर बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडाला मागे किती मोकळी जागा उरते ते. ती गेजने मोजतात, एक गेज असा की बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि दुसरा असा की बंद होता कामा नये. चांगल्या गन हाऊसवाल्याकडे ३१५ चे गेज असतात. नसतील तर झाडलेलं रिकामं काडतूस बघा, बुडाच्या जरा वर चमकदार कडं पडलं असेल तर पितळ तिथे ताणलं गेलंय आणि पुढच्या वेळी तिथून तुटेल. बोल्ट उचलताना जड जात असेल तर त्याचे कान जिथे टेकतात तिथे रिसीव्हरमध्ये खड्डा पडला असू शकतो.

सेफ्टीची परीक्षा रिकाम्या रायफलीत, आत स्नॅप कॅप, म्हणजे बिनदारूचं खोटं काडतूस, घालून करा. सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. काढताना घोडा पडला तर रायफल धोकादायक आहे, भाव पाडून घेण्याचाही प्रश्न नाही. बोल्ट जरा जोरात बंद करून बघा, तेव्हाही घोडा पडता कामा नये. कोणीतरी चाप हलका करायच्या नादात आतली कड घासून ठेवलेली असते, आपल्याकडे हे फार सर्रास होतं.

दुनाळी रायफल हा वेगळाच विषय आहे आणि तिथे पैसे पण वेगळेच असतात. पुढचं लाकूड काढा, नळ्या बंद करा आणि दस्ता धरून हलवा, नळ्या जराही खुळखुळल्या नाही पाहिजेत. वरची खटकी, जी सरकवून बंदूक उघडते, ती नवीन दुनाळीत बंद झाल्यावर मध्यापासून जरा उजवीकडे थांबते, झीज झाली की मध्यावर येते आणि मग डावीकडे जाते. पण खटकी उजवीकडे आहे म्हणून खूश होऊ नका, कारण ढिली दुनाळी घट्ट करायचे आडमार्ग आहेत. दौलतगंजातले एक म्हातारे मिस्त्री, आता ते काम करत नाहीत, ते निरांजनाची काजळी बोटाने नळ्यांच्या मागच्या तोंडावर आणि ॲक्शनमध्ये अडकणाऱ्या खालच्या हुकावर लावायचे, बंदूक बंद करायचे, उघडायचे आणि बघायचे की काजळी समोर कुठे कुठे उमटलीय. तोंडाच्या पूर्ण गोलावर उमटली तर बैठक चांगली. फक्त वरच्या कडेला किंवा एकाच नळीवर उमटली तर गेलेली. त्यांनीच मला एकदा एका दुनाळीचा हुक दाखवला, त्याच्यावर बारीक बारीक हातोडीचे ठोके होते, आणि ते भिंगाने बघितल्याशिवाय दिसत नव्हते. कोणीतरी पोलाद ठोकून पसरवलं होतं, त्याने दहा-वीस गोळ्या घट्ट राहते, मग पुन्हा तशीच. दुसऱ्या एकीत हुकावर पत्र्याचा तुकडा झाळून बसवलेला. तेव्हापासून माझ्या पिशवीत भिंग असतंच.

दुनाळीच्या नळ्या वेगळ्या काढून हुकाला सुतळी बांधून टांगायच्या आणि लाकडाच्या दांडीने हळूच टिचकी मारायची. सलग टण्ण असा आवाज घुमला तर मधल्या पट्ट्या सगळीकडून झाळलेल्या आहेत, बद्द आवाज आला किंवा आत काही फरफरलं तर झाळ सुटलीय आणि आत गंज धरतोय. आणि सुटलेली झाळ परत करायला कोणीही साधा मिस्त्री चालत नाही, कारण दोन नळ्यांचा मार एका जागी आणण्यासाठी कारखान्यात त्या झाडून झाडून, पट्टी हलवून जुळवलेल्या असतात, एका ठरावीक काडतुसासाठी. झाळ उघडली की ते जुळवणं गेलं. असं करू शकणारी माणसं जगात मोजकी आहेत.

लाकूड थोडक्यात. जुना दस्ता अक्रोडाचा. ॲक्शनच्या मागे, मनगटाजवळ आणि मॅगझिनच्या मागच्या बाजूला तडे बघा, दस्ता दोन्ही हातांनी हलका पिळा, तडा असेल तर तेलाची बारीक रेघ ओलसर होऊन दिसते. रायफल वर्षानुवर्षं उभी ठेवलेली असेल तर सगळं तेल उतरून ॲक्शनच्या मागच्या लाकडात मुरतं, ते काळं आणि मऊ होतं, नखाने दाबून बघा. मोठ्या बोअरमध्ये असं लाकूड पुढे फुटतंच. दस्ता शिसवीचा निघाला तर तो इथे बनवलाय, काम चांगलं असेल तर वापरायला हरकत नाही पण मूळ रायफलीचा भाव देऊ नका.

आता नावाचं. नळीवर मँटन, रॉडा, लायन अँड लायन असं कलकत्त्याचं नाव असलं की लोक म्हणतात ही देशी आहे. तसं नाहीये, या कलकत्त्याच्या बड्या पेढ्या होत्या आणि त्यांच्या बहुतेक चांगल्या रायफली बर्मिंगहॅमलाच बनायच्या, त्यांच्या नावाने. रॉडा म्हणजे तीच पेढी, जिच्या मालातून १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माऊझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं उडवली होती. रिग्बी या इंग्लिश कंपनीची २७५ निघाली की विकणारा शिकारी जिम कॉर्बेटचं नाव घेणारच, त्यांच्याकडे २७५ रिग्बी होती हे खरंच आहे, चंपावतच्या वाघिणीनंतर त्यांना ती भेट मिळाली होती, पण त्याने तुमच्या समोरच्या रायफलीचा भाव का वाढावा. हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांची जुनी वहीखाती अजून आहेत, नंबर कळवून फी भरली की रायफल कधी बनली, कोणासाठी, कुठल्या बोअरची, नळी किती इंची, हे लिहून येतं. दस्त्यावर राजचिन्हाची चांदीची पट्टी असेल आणि विकणारा रियासतीचा भाव मागत असेल तर हे पत्र आधी मागवा. पट्टी कोणीही बसवू शकतो. वहीत ग्वाल्हेर दरबार लिहिलं असेल तर खुशाल जास्त द्या, मीही देईन.

ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणता येत नाही, म्हणून आपल्याकडे जुन्या परदेशी रायफलींचे भाव त्यांच्या लायकीपेक्षा वर असतात, विलायतेतला भाव बघून तुलना करू नका. पण याच कारणाने चांगली नळी, मूळ ब्ल्यूइंग, जुळणारे नंबर असलेली रायफल मिळाली तर फार घासाघीस करत बसू नका, दुसरी लवकर येत नाही. झाडून बघायची मुभा मागा, रेंजवर, टेकूवर ठेवून, ताज्या काडतुसांनी. दुनाळी असेल तर दोन्ही नळ्यांचा मार पन्नास ते शंभर यार्डांत एका जागी यायला हवा. विकणारा झाडू देत नसेल तर न झाडलेल्या रायफलीचा भाव लावा, म्हणजे नळी खराब आहे असं धरून.

कागद. तुमच्या लायसन्सवर तो बोअर आणि अजून एका शस्त्राची रिकामी जागा पाहिजे, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे घरी आधीच दोन असतील तर विषय संपला. घरगुती विक्रीत विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं, तोपर्यंत रायफल त्याच्याकडेच. सगळा पैसा आधी देऊ नका. ज्या बंदुकी दुरुस्त करूनही झाडता येणार नाहीत अशा पुरातन वस्तूंना शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण शंभर वर्षांची ३७५ त्यात येत नाही, कोणी तसं सांगून बिनलायसन्स देत असेल तर तिथून उठा.

आणि घेतल्यावर निवडणूक येणारच आहे, जमा करावी लागणार आहे. त्याआधी नळी स्वच्छ करून आत जाड ग्रीस भरा, बोल्ट आणि रिसीव्हरच्या नंबरांचे फोटो काढा, आणि पावतीवर फक्त रायफल एक नग असं लिहू देऊ नका. कंपनी, बोअर, रिसीव्हरचा नंबर, बोल्टचा नंबर आणि दस्त्यावर तडा नाही हे सगळं लिहून घ्या, ठाण्यातले मुंशीजी कुरकुर करतील, करू द्या. परत घेताना तिथेच टेबलावर बोल्ट काढून नंबर ताडून बघा आणि मगच सही करा, आणि घरी आल्याबरोबर त्याच दिवशी ते ग्रीस काढून नळीत टॉर्च मारा.